खाडीत गळ टाकायला कयाक: कमी खर्चात जोडणी

साधी, वर बसायची प्लास्टिकची कयाक घेतली की पहिला मोह होतो ड्रिल हातात घेण्याचा. थांबा. ही कयाक पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनला एम-सील, अ‍ॅराल्डाइट, फेव्हिक्विक यातलं काहीच नीट धरत नाही. चुकून पाडलेलं भोक बुजवणं फार किचकट. म्हणून आधी भोक न पाडता जे जे बांधता येतं ते बांधा.

सुरुवात क्रेटपासून. भाजीवाल्यांकडचा जुना जाळीदार क्रेट सीटमागच्या जागेत बसतो का, ते मापून घ्या. त्याला 40 मिमी पीव्हीसी पाइपचे 30 सेंमीचे तीन तुकडे बांधायचे, म्हणजे रॉड उभे ठेवायची सोय झाली. रॉडची मूठ जाड असेल तर 50 मिमी पाइप घ्या. मूठच दुकानात घेऊन जाणं उत्तम. स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकतं, त्यामुळे पाइपच्या तोंडाला खाच लागते: साधारण 18 मिमी रुंद, 6 सेंमी खोल. खाचेच्या तळाशी आधी गोल भोक पाडा, मग वरून करवतीचे दोन काप द्या. तळ चौकोनी ठेवला तर कोपऱ्यातून पाइप चिरतो. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर रॉडच्या मुठीचा फोम सोलून निघेल.

केबल टाय काळेच घ्या. पांढरे उन्हात कडक होतात आणि नेमके पाण्यात असताना तुटतात. प्रत्येक पाइपला वर दोन, खाली दोन. क्रेट मात्र दुचाकीच्या इलास्टिकवर सोडू नका. चारही कोपरे पट्ट्याने कयाकच्या कड्यांना बांधा. कयाक उलटली तर आकडे निसटतात आणि सगळं सामान तळाला जातं.

आता नांगर. हात आखडता घेऊ नये अशी जागा हीच. खाडीत भरती-ओहोटीचा ओढ जोरदार असतो. नांगराची दोरी मधोमध बाजूला बांधली तर कयाक प्रवाहाला आडवी होते, दोरी तिची कड खाली खेचते, पाणी वर चढतं आणि कयाक उलटते. दोरी नाळेवरून (पुढच्या टोकावरून) किंवा मागच्या टोकावरूनच सुटली पाहिजे. त्यासाठी सरकती दोरी बसवा. दोन्ही टोकांच्या हँडलना एकेक छोटी पुली बांधा (इथेही भोक नको), त्यातून 5 मिमी पॉलिस्टर दोरी फिरवा आणि तिची दोन टोकं एका स्टीलच्या कडीत जोडा. नांगराची दोरी या कडीतून ओवायची; सरकती दोरी ओढली की कडी नाळेकडे किंवा मागे जाते. तीन मीटरच्या कयाकला सहा मीटर दोरी पुरते. नायलॉन भिजलं की ताणतं, म्हणून पॉलिस्टर. एक पुली इलास्टिकच्या तुकड्याने बांधली की दोरी सैल पडत नाही.

नांगर चार पात्यांचा, घडीचा, दीड किलोचा. दोरी खोलीच्या किमान तिप्पट सोडा; चार मीटर पाण्यात बारा. तिवरांच्या मुळांत, खडकात नांगर अडकणारच. म्हणून दोरी नांगराच्या वरच्या कडीला न बांधता खालच्या टोकाला बांधा, दांड्यालगत वर आणा आणि वरच्या कडीला एका बारीक केबल टायने अडकवा. अडकला की जोरात ओढा: टाय तुटतो आणि नांगर उलटा सुटून येतो. दोरीच्या मोकळ्या टोकाला तरंगता बोया आणि लाइफ जॅकेटला चाकू हवाच. कालवांच्या धारेवर दोरी कापली जाते, तेव्हा दर खेपेला नांगराकडचे शेवटचे दोन मीटर बोटांनी चाचपा.

भोक एकाच कामासाठी: सीटवरून हात पोचेल तिथे, नांगराची दोरी अडकवायच्या क्लीटला. आधी कयाकच्या पोकळीच्या झाकणातून हात घालून आत नट लावता येतो का बघा. जागा पाण्याच्या रेषेच्या बरीच वर हवी. मास्किंग टेप लावा, एम5 बोल्टसाठी साडेपाच मिमी भोक पाडा. ड्रिल हळू फिरवा, वेगात प्लास्टिक वितळतं. क्लीटखाली रबरी वॉशर, आत मोठा वॉशर आणि नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. सगळं 316 स्टेनलेस. खाऱ्या पाण्यात गॅल्व्हनाइज्ड टिकत नाही.

पहिली चाचणी ओहोटी नसताना, कमरेएवढ्या पाण्यात, पूर्ण सामानासह. अर्ध्या तासाने झाकण उघडून कोरडा स्पंज आत फिरवा. बोल्टपाशी ओल दिसली तर नट आणखी आवळू नका. प्लास्टिक दबतं आणि गळती वाढते. बोल्ट काढून रबर बदला.