कोरोना न्यूमोनियाचे रक्ताचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये बेळगावच्या एका लॅबमध्ये मी दिवसभर रक्ताच्या नळ्यांतच असायचे. निपाणीचा एक तरुण दोन कागद घेऊन आला. वडिलांचा डी-डायमर (रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारी तपासणी) कोल्हापुरात ०.९ आला होता, आमच्याकडं ९००. "ओ ताई, दोन दिवसांत हजारपट वाढलं की हे!" कागद धरलेला हात थरथरत होता. मी आकड्याशेजारची बारीक अक्षरं बोटानं दाखवली. एकीकडं मायक्रोग्रॅम, दुसरीकडं नॅनोग्रॅम. डी-डायमर होता तेवढाच होता.

सीमाभागात ही चूक फार होते, कारण आपला पेशंट आज बेळगावात, तर उद्या गडहिंग्लज नाहीतर कोल्हापुरात. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवण्याआधी एकक बघा. डी-डायमर काही ठिकाणी एफईयू या एककात देतात, काही ठिकाणी डीडीयू या एककात, आणि त्याच रक्ताचा एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) लिटरमागे ५० मिलिग्रॅम म्हणजेच डेसिलिटरमागे ५. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासत राहा. आकडा चढतोय की उतरतोय, हे डॉक्टरांना त्यावरूनच नीट कळतं.

एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम) वाढला की "फुप्फुस गेलं" असं घरचे धरून बसतात. एलडीएच फुप्फुसासारखाच यकृतात, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असतो. जांबोटी-कणकुंबीकडून उन्हातान्हात, खड्ड्यांतून गाडीनं आलेली नळी मशीनमध्ये फिरवली की वरचं पिवळं पाणी कधी कधी गुलाबी दिसायचं. पेशी नळीतच फुटलेल्या असायच्या. अशा रक्तात एलडीएच आणि पोटॅशियम खोटे वाढतात. रिपोर्टवर 'हिमोलाइज्ड' (पेशी फुटलेल्या) असा शेरा असेल तर घाबरण्याआधी पुन्हा रक्त द्या.

क्रिएटिनिनची, म्हणजे किडनीच्या तपासणीची, फसवणूक उलटी. तो स्नायूंवर अवलंबून असतो, त्यामुळे सत्तरीतल्या काटकुळ्या आजीचा १.१ कागदावर नॉर्मल दिसला तरी तिची किडनी थकलेली असू शकते. अशा माणसाला किडनीवर ताण आणणाऱ्या अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका, मी हात जोडून सांगते. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) वाढला म्हणजे हार्ट अटॅकच असंही नाही. ऑक्सिजन कमी पडून, हृदयाला सूज येऊन किंवा किडनीच्या जुन्या आजारातही तो वाढतो. पण तो कागद उद्यावर टाकायचा नाही, ईसीजी त्याच दिवशी.

सीआरपी उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. स्टेरॉइडनं तो उतरतो आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशी आणि साखर वाढतात. टोसिलिझुमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन दिल्यावर तर नवं इन्फेक्शन असूनही सीआरपी शांत राहू शकतो. डॉक्टर बदललात तर कोणतं औषध कधी सुरू झालं ते आधी सांगा.

आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच या सगळ्या तपासण्या करून "नॉर्मल आहे" म्हणत गाफील राहिलेली घरं मी पाहिलीत. तब्येत बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर ढासळते. त्या दिवसांत बोटाला ऑक्सिमीटर लावून माणसाला घरातच सहा मिनिटं चालवा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा ३ अंकांनी घसरला तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. बसल्या जागी धाप असेल तर चालवूच नका, थेट गाडीत घाला आणि आधीचे सगळे कागद तारखेनं लावून सोबत न्या.