हार्ड डिस्क बंद पडण्याआधी तिचे आकडे वाचा

लग्नसराई आटोपते तेव्हा परभणी-नांदेडकडच्या फोटो स्टुडिओत एकेका हार्ड डिस्कवर कितीतरी घरांची लग्नं साठलेली असतात. बाहेर पारा ४२च्या पुढे, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. डिस्क एक दिवस बंद पडली की आपण म्हणतो, ‘अचानक उडाली.’ पुष्कळदा ती अचानक उडालेली नसते. आपला बिघाड ती स्वतःच नोंदवत असते. या सोयीला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती जवळपास प्रत्येक डिस्कमध्ये असते.

विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्राम त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. उबुंटूवर ‘डिस्क्स’ उघडा आणि मेनूतून स्मार्ट डेटा पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोत निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. पण रंगावर थांबू नका. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ (मूळ आकडे) दशमान करून घ्या, नाहीतर ते संगणकाच्या सोळाच्या पद्धतीत (हेक्स) येतात, म्हणजे १६ च्या जागी १० दिसेल आणि घोटाळा होईल.

आता खरं काम. यादी लांबलचक असते, त्यातल्या तीनच ओळी आधी बघा. ०५ ही ओळ खराब सेक्टर (डेटा साठवणारे डिस्कवरचे छोटे कप्पे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर किती वापरले ते सांगते. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयात ठेवलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे तपासणीतही न सुधारलेले. तिन्हींत शून्य हवं. सी५ शून्यावरून वर गेला तर मी त्या डिस्कवर नवं काही ठेवणार नाही. सी७, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदला, दोष बहुधा तिथेच असतो. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ पुढे प्रचंड आकडे दिसतात, ते बघून घाबरू नका.

एकदा बघून भागत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे आकडे तापमानासह वहीत लिहा. महिनोन्महिने चारवर स्थिर असलेली ०५ची ओळ एक वेळ चालेल; महिन्यात चाराचे चाळीस झाले तर डिस्क चालली समजा. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिला सेक्टर बदलला गेल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कांपेक्षा १४ पटींहून जास्त असल्याचं त्यात आढळलं. त्याच अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांमध्ये तापमान सोडलं तर स्मार्टची एकही खूण नव्हती. म्हणून सगळे आकडे शून्य असले तरी दुसऱ्या डिस्कवर प्रत हवीच, आणि ती दुकानाऐवजी घरी ठेवा. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) तर बऱ्याचदा काही न दाखवताच जाते.

तापमान सतत ५० अंशांच्या वर राहत असेल तर कॅबिनेट भिंतीपासून सरकवा, पंख्यावरची धूळ झाडा. इन्व्हर्टरला किंवा यूपीएसला संगणक जोडा. डिस्क लिहीत असतानाच लाइट गेली तर फाइलींची वाट लागते.

आकडे वाढताना दिसले, किंवा डिस्क ‘टक-टक’ आवाज करू लागली, की लोक लगेच डिस्क दुरुस्त करणारी तपासणी चालवतात. कृपया असं करू नका! ती तपासणी तासन्‌तास डिस्क पिळून काढते आणि तेवढ्यात ती कायमची जाऊ शकते. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी कॉपी करा: गिऱ्हाइकांचे फोटो, हिशेब, कागदपत्रं. सिनेमे नंतर. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे चला. टक-टक आवाज असेल आणि डेटा मोलाचा असेल, तर कॉपीच्याही नादी न लागता डिस्क बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्या.

बाहेरून जोडायच्या डिस्कच्या काही यूएसबी डब्या स्मार्टचे आकडे दाखवतच नाहीत. तशी डिस्क शक्य असेल तर उघडून थेट संगणकाला जोडून तपासा, मात्र वॉरंटी असेल तर डबी फोडू नका.