वारा कुठून येतोय, हे आधी कानांना विचारा

शिडाची होडी शिकायची असेल तर पहिला धडा किनाऱ्यावर घ्या. पाण्याकडे तोंड करून उभे राहा, डोळे मिटा आणि मान हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा. एका ठिकाणी वाऱ्याचा आवाज दोन्ही कानांत अगदी सारखा येईल. त्या क्षणी तुमचं नाक जिकडे असेल तिकडून वारा येतोय. डोळे उघडा आणि ती दिशा एखाद्या इमारतीशी किंवा झाडाशी जोडून लक्षात ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा करून बघा. दिशा थोडी सरकलेली असेल. पुढे जे काही शिकाल ते सगळं या सरकण्याशी जुळवून घेण्याबद्दल आहे.

मी हे अपोलो बंदरच्या कठड्यापाशी शिकले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी वीस वर्षं कळव्याहून लोकलने फोर्टातल्या कचेरीत येत होते. दुपारच्या सुट्टीत कधीमधी डबा घेऊन गेटवेकडे जायचे. समोर पांढरी-निळी शिडं फिरताना दिसायची आणि वाटायचं, हे आपलं नाही. मग २०१३च्या मार्चअखेरीस नौदलाचे अभिलाष टॉमी ‘म्हादेई’ ही शिडाची होडी घेऊन मुंबईला परतले. पाच महिने एकटे, कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून. त्याच होडीतून दिलीप दोंदे २००९-१०मध्ये चार ठिकाणी थांबत एकटे जगभर फिरून आले होते. होडी बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर. नदीचं नाव असलेली, घराजवळच बांधलेली, नुसत्या वाऱ्यावर चालणारी होडी जग फिरून येते, हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. त्या ऑक्टोबरात पाऊस पुरता गेल्यावर मी जाऊन विचारलं, “मला शिकवाल का?”

तुम्हीही ऑक्टोबरातच विचारा. मुंबईत शिडांचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात होड्या वर काढून ठेवतात. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, कोलाबा सेलिंग क्लब आहे. समुद्र नको असेल तर पुण्याजवळ खडकवासल्याचं पाणी आहे, हैदराबादच्या मराठी मंडळींना हुसेनसागर आहे. सभासद नसलेल्यांना शिकवतात का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावं. होडी विकत घ्यायचा विचार पहिली दोन वर्षं मनात आणू नका.

होडी कुठली? मुलांसाठी ऑप्टिमिस्ट: सुमारे २.३ मीटरची, जेमतेम ३५ किलोची, पंधरा वर्षांपर्यंतची मुलं एकटी चालवतात. धडधाकट तरुणांना लेझर आवडते, तीही एकट्याची. माझं मत विचाराल तर मोठ्या माणसाने दोघांच्या होडीत शिकावं. मी एंटरप्राइझमध्ये शिकले. चार मीटरची, निळ्या शिडांची. एक जण सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो, दुसरा पुढचं छोटं शीड. चूक झाली तर ती समजावून सांगणारं कोणीतरी हातभर अंतरावर असतं.

माझ्या होडीत ते उरणचे एक तांडेल होते. बापाबरोबर शिडाच्या मचव्यावर वाढलेले. मी त्यांना मामा म्हणायची, ते मला बाई. पहिल्या दिवशी इंजिनाच्या बोटीने आम्हाला ओढत बाहेर नेलं आणि दोर सोडला. इंजिनाची धडधड लांब गेली. मामांनी शिडाची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बाई, हलकेच ओढा.” मी वीतभर ओढली. फडफडणारं कापड एकदम गप्प झालं, पोट फुगवून ताठ उभं राहिलं, होडी किंचित कलली आणि तळाशी पाण्याचा खळखळाट सुरू झाला. दोरीतून माझ्या पंजाला काहीतरी जिवंत ओढत होतं. गाय दाव्याला ओढ देते, तशी ओढ. लोकांना या छंदाचं एवढं वेड का लागतं, असं कोणी विचारलं की मला ती ओढ आठवते. जो वारा आजवर नुसता अंगावरून जात होता, तो हातात येतो.

ती दोरी शिकवणारे ‘शीट’ म्हणतील. मराठी माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण आपलं शीड म्हणजे कापड आणि त्यांची शीट म्हणजे दोरी. मामा तिला दामन म्हणायचे, मीही तेच म्हणते. दामनचा नियम एकच आहे आणि तो पाठ करा: शीड फडफडेपर्यंत सैल सोडा, मग फडफड थांबेपर्यंतच ओढा. त्यापुढे ओढू नका. नवशिके घाबरून दोरी गच्च आवळून धरतात. होडी कलते, पण पुढे जात नाही.

आता वाऱ्याच्या तोंडावर थेट जाता येत नाही, हे समजून घ्या. वारा जिकडून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांचा पट्टा बंद आहे. त्यात शिरलात की शीड फडफडतं आणि होडी जागीच उभी राहते. पट्ट्याच्या कडेला मात्र होडी छान चालते. शीड पंखासारखं काम करतं आणि तळातून खाली सोडलेली फळी होडीला आडवं घसरू देत नाही, म्हणून सगळा जोर पुढे जायला लागतो. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूने तिरकं जायचं. घाटातल्या रस्त्यासारखी वळणं घेत वाऱ्याच्या उगमाकडे चढायचं. समोरून वाहणाऱ्या वाऱ्याच्याच बळावर त्याच्याकडे जाता येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

सुकाणूचा दांडा उलटा चालतो: दांडा डावीकडे ढकला, होडी उजवीकडे वळते. दोन तासांत हाताला सवय होते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवताना “वळतोय” असं मोठ्याने सांगा, दांडा शिडाच्या बाजूला ढकला, डोकं खाली घाला, बाजू बदला. वारा पाठीमागून असताना वळणं जास्त जपून, कारण तेव्हा शिडाखालची आडवी दांडी एका झटक्यात या बाजूची त्या बाजूला येते आणि डोक्याला लागू शकते. आधी दामन ओढून दांडी मध्यावर आणायची, मग वळायचं.

होडी उलटेल. पहिल्याच आठवड्यात ती मुद्दाम उलटवून घ्या, म्हणजे भीती जाते. नियम असा की होडी सोडून पोहत जायचं नाही. आधी जोडीदाराला हाक मारा, तो दिसतोय ना बघा. शिडाच्या दोऱ्या सैल करा. मग तळाच्या बाहेर आलेल्या फळीवर उभे राहा, काठ धरून मागे रेला. शीड पाण्यातून हळूहळू सुटतं आणि होडी उभी राहते. पोहता यायला हवंच, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घट्ट बांधायचं. अंगात पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा कपडा. जीन्स अजिबात नको. चष्म्याला दोरी, टोपीला दोरी, पायात रबरी तळाचे बूट, पाण्याची बाटली.

आता मुंबईच्या पाण्याबद्दल. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून येणारा, हलका. साधारण अकरा-बारानंतर तो मरतो. पाणी तेलासारखं होतं. मग दुपारी खारा वारा येतो, वायव्येकडून, शहरावरून. तो येताना दिसतो: लांबवर पाण्याचा रंग काळपट होतो, बारीक सुरकुत्या पडतात आणि तो डाग तुमच्याकडे सरकत येतो. तो ओळखायला शिका.

आणि भरती-ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथे पाणी चार मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा पाण्याचा ओढा कमी. छापील कोष्टक बघायचंच, पण मामांनी सांगितलेला कोकणी हिशेबही लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट करा, बारानंतर तितक्या तासांनी भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा-सव्वासहा तास ओहोटी.

हा हिशेब मला पाठ होता, तरी एकदा मी तो केला नाही. दुसऱ्या हंगामातली गोष्ट. फेब्रुवारी, अमावास्येचा दुसरा दिवस. मी आणि एक मैत्रीण लाकडी कीलबोट, म्हणजे तळाला कायमची जड फळी असलेली होडी, घेऊन साडेबाराला निघालो. मतलई वाऱ्याचा शेवटचा श्वास चालू होता. पाऊण वाजता भरती पूर्ण झाली, त्याच सुमाराला वाराही गेला. अर्ध्या तासाने मान वर करून बघते तर गेटवे लहान झालेला. आम्ही हललोसुद्धा नव्हतो, पाणीच आम्हाला दक्षिणेकडे, सन्क रॉकच्या दीपस्तंभाकडे घेऊन चाललं होतं. मैत्रीण वल्हं मारू लागली. त्या ओढीपुढे वल्ह्याचं काही चाललं नाही. मग मला मामांचं वाक्य आठवलं: “वारा नसला तर नांगर असतो.” नांगर टाकला. तो एकदा घसरला, मग धरला. दोर ताठ झाला आणि नाळेपाशी पाणी नदीसारखं दोन्ही बाजूंनी वाहू लागलं, तेव्हा कळलं ओढा किती होता. तास-दीड तास तशाच बसलो. अडीचच्या पुढे पाण्यावर तो काळा डाग दिसला. खारा वारा धरून, काठाकडच्या उथळ पाण्याजवळून, कारण तिथे ओहोटीचा जोर कमी असतो, वळणं घेत घेत परत यायला दोन तास लागले. मामा धक्क्यावर उभे होते. काही बोलले नाहीत, दोर झेलला फक्त. तेव्हापासून कपडे करायच्या आधी मी कालनिर्णयची तिथी बघते.

वाटेचे नियम थोडक्यात: दोन शिडाच्या होड्या वेगवेगळ्या बाजूंनी वारा घेत समोरासमोर आल्या तर ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतोय त्याचा हक्क, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. दोघांना एकाच बाजूने वारा असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, असलेल्याने वाट द्यायची. मोठ्या जहाजांपासून लांब राहा, त्यांना वळायला-थांबायला फार जागा लागते. एलिफंटा-मांडव्याच्या लाँचींची लाट आडवी घेऊ नका, नाळ तिरकी तिच्याकडे करा. नौदलाच्या गोदीजवळ जायचं नाही.

गाठी दोन पुरेत. दोरीच्या टोकाला आठाची गाठ, म्हणजे दोरी कप्पीतून निसटत नाही. आणि बोलाइन, म्हणजे फासाची गाठ, जी कितीही ताण आला तरी आवळत नाही आणि काम झालं की सहज सुटते. लोकलमध्ये ओढणीच्या टोकावर सराव करा, मी तसाच केला.

शेवटची एक वस्तू तुमच्या घरातच मिळेल. लोकरीचे वीतभर तुकडे कापा आणि पुढच्या शिडाच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या कडेपासून थोडं आत, चिकटपट्टीने लावा. भाचीच्या स्वेटरची उरलेली लाल लोकर माझ्या शिडावर आहे. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर आहे. वाऱ्याकडचा धागा उडू लागला तर दोरी ओढा किंवा नाळ वाऱ्यापासून थोडी लांब करा. पलीकडचा उडाला तर दोरी सोडा. घरी निघताना होडी, दोऱ्या आणि शीड गोड्या पाण्याने धुवा, शीड सावलीत पूर्ण वाळवा, मगच गुंडाळा. लोकर तशीच राहू द्या; मिठाने ताठ झाली की बदला.