बॅच फाइलमधून अ‍ॅक्सेस उघडेना, नुसतीच काळी खिडकी

नागपूरच्या कळमना बाजारात आमच्या अडतीवर संत्रा आणि धान्य, दोन्ही खात्यांना अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामची एकच फाइल. खातं ठरवून ती बॅच फाइलने (विंडोजच्या कमांड लिहिलेल्या फाइलने) उघडायची होती. पण यायची फक्त काळी खिडकी, शीर्षकात प्रोग्रामचा पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता. अ‍ॅक्सेस पुन्हा टाकलं, अ‍ॅडमिन म्हणून चालवलं. दोन रविवार वाया!

'स्टार्ट' कमांड अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजते, हे कळलं तेव्हा सुटलं. क्रम असा: स्टार्ट, रिकामी दुहेरी अवतरणं, अवतरणात एमएसअ‍ॅक्सेस डॉट ईएक्सईचा पाथ, अवतरणात डेटाबेसचा पाथ, /रनटाइम (डिझाइनची साधनं लपवून उघडण्यासाठी), आणि सगळ्यात शेवटी /सीएमडी (डेटाबेसला मजकूर पोचवण्यासाठी) व खात्याचं नाव. आधी /रनटाइम शेवटी टाकलं होतं, तर तेही नावालाच चिकटलं. पहिल्या फॉर्मच्या ओपन इव्हेंटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) 'कमांड' हे फंक्शन खात्याचं नाव देतं. बॅच फाइलशिवाय डेटाबेस थेट उघडला तर रिकामं येतं. तेव्हा खातं विचारून घ्या.