प्रोट्रेसाठी कोकोपीट किती आणावे

रोपे तयार करण्याच्या एका कप्प्यांच्या ट्रेला, म्हणजे प्रोट्रेला, किती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) लागते, असे कृषी सेवा केंद्रात विचारले की उत्तर किलोत मिळते, दाबून केलेल्या कोकोपीटच्या ब्लॉकच्या वेष्टनावर आकडा लिटरचा छापलेला असतो आणि ट्रेचा कप्पा मोजायला गेले तर तो मिलिलिटरचा निघतो. या तिन्ही मापांचा मेळ घालून न देता "दोन ब्लॉक न्या, पुरतात" एवढे सांगून लोक मोकळे होतात. त्या दोन ब्लॉकचे पुढे काय होते हे मी भोगलेले आहे, म्हणून हा हिशेब सविस्तर मांडतो. उदाहरणासाठी आपल्याकडची नेहमीची गोष्ट घेऊ: अर्धा एकर मिरची, मृगाचा पाऊस झाल्यावर जूनअखेरीस लागवड, त्यासाठी मेच्या मध्याला ट्रेमध्ये बी.

प्रथम कप्पे किती लागतील ते काढावे. चार फूट बाय दीड फूट अंतर धरले तर एका रोपाला 6 चौरस फूट जागा लागते. 20 गुंठे म्हणजे 21,780 चौरस फूट, म्हणजेच 3,630 रोपे. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरण्यासाठी दहा टक्के वाढवून 4,000 धरावीत. आता उगवणीचा प्रश्न येतो. मिरचीच्या बियाण्याच्या पाकिटावर 60 टक्के उगवण छापलेली दिसते, पण ती कायद्याने ठरवून दिलेली किमान मर्यादा आहे, त्या पाकिटातल्या बियांचा अंदाज नव्हे. तो आकडा धरून हिशेब केला तर 98 कप्प्यांचे 68 ट्रे भरावे लागतील. त्याऐवजी पंचवीस बिया ओल्या कागदात गुंडाळून दोन आठवडे आधी उगवून पाहाव्यात. माझ्याकडे बहुधा 85 टक्क्यांच्या आसपास उगवण मिळते. त्या हिशेबाने 4,706 कप्पे लागतात आणि 98 कप्प्यांचे 50 ट्रे पुरतात. अठरा ट्रेंचे भरण इथेच वाचते.

दुसरे काम कप्प्याचे माप काढण्याचे, ते सोपे आहे. ट्रेच्या तळाची छिद्रे चिकटपट्टीने बंद करावीत, औषधाच्या दुकानातून आणलेल्या सिरिंजने दहा कप्पे काठोकाठ पाण्याने भरावेत आणि लागलेले पाणी मोजावे. माझ्या ट्रेला 240 मिलिलिटर लागले, म्हणजे कप्प्याला 24 आणि संपूर्ण ट्रेला सुमारे 2.35 लिटर. आपल्या ट्रेचे माप वेगळे निघेल, कारण 98 कप्प्यांच्या सगळ्या ट्रेंची खोली सारखी नसते. म्हणून दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये, माझाही नाही.

इथपर्यंत सगळे जण बरोबर येतात आणि इथूनच चुकतात. 2.35 गुणिले 50 म्हणजे साधारण 118 लिटर, ब्लॉकवर 75 लिटर छापलेले आहे, म्हणजे दोन ब्लॉक घेतले की उरूनही पडेल, असा सरळ हिशेब मीही पहिल्या वर्षी केला होता. प्रत्यक्षात तिसाव्या ट्रेच्या पुढे भरण संपत आले. बी प्रक्रिया करून भिजवलेले, बाहेर रोहिणीचे ऊन, आणि तालुक्याच्या दुकानात "माल पुढच्या आठवड्यात येईल" असे उत्तर. आपल्या मुलखात नारळ पिकत नाही. हा माल केरळ-तमिळनाडूकडून येतो आणि लहान दुकानात तो हंगामाच्या ऐन वेळी संपलेला असतो. मग उरलेले ट्रे मी शेतातली काळी माती चाळून भरले. काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि वाळली की कप्प्यात विटेसारखी बसते. रोपे उगवली, परंतु लागवडीच्या दिवशी ती ट्रेमधून सुटेनात; ओढली की मुळे आत आणि शेंडा हातात. त्यानंतर काळी माती मी ट्रेजवळ येऊ दिलेली नाही, आणि कोणी "थोडी मिसळली तर चालते" असे सांगितले तर त्याचे ऐकू नये.

चूक गुणाकारात नव्हती. एकच लिटर तीन ठिकाणी तीन प्रकारचा असतो, हे मला ठाऊक नव्हते. वेष्टनावरचा लिटर हा पूर्ण फुललेल्या, हाताने मोकळ्या केलेल्या कोकोपीटचा असतो. पाच किलोचा ब्लॉक वीस-पंचवीस लिटर पाण्यात रात्रभर ठेवून, गठ्ठे फोडून मी बादलीने मोजला, तेव्हा माझ्या हाती 65 लिटर आले. 75 लिटर कधीही आलेले नाहीत. हेच कोकोपीट ट्रेमध्ये भरून, ट्रे जमिनीवर दोनदा हलका आपटून पाणी दिले की ते खाली बसते आणि कप्पे वरून रिकामे दिसू लागतात. ती जागा पुन्हा भरावीच लागते, नाहीतर मुळांना खोली मिळत नाही आणि कप्पा दुपारच्या आत सुकतो. तिसरी गोष्ट मिश्रणाची. तीन बादल्या कोकोपीट आणि एक बादली गांडूळखत एकत्र केले तर चार बादल्या होत नाहीत, कारण खताचे बारीक कण कोकोपीटच्या पोकळीत शिरतात. माझ्या मोजणीत ते साडेतीन बादल्यांच्या थोडे वर, म्हणजे सुमारे 3.6 बादल्या भरते.

यावर उपाय एकच आहे आणि तो कागदावर होत नाही. मोठी खरेदी करण्याच्या आठ दिवस आधी 650 ग्रॅमची एक लहान वीट आणावी. ती फुलून आठ-नऊ लिटर होते आणि प्रयोगाला पुरून उरते. ठरलेल्या प्रमाणात गांडूळखत मिसळावे, एक लिटरच्या मापाने मोजत एक ट्रे भरावा, आपटावा, झारीने पाणी द्यावे, तासाभराने पुन्हा भरून सपाट करावा आणि एकूण किती मापे लागली ते लिहून ठेवावे. भरताना अंगठ्याने दाबू नये. दाबून भरलेल्या कप्प्यात हवा राहत नाही, पाणी साचते आणि रोपे बुडाशी कुजून कोलमडतात; शिवाय माल जास्त लागतो तो वेगळाच. माझ्या ट्रेला या पद्धतीने 2.8 लिटर लागले, म्हणजे पाण्याने मोजलेल्या मापापेक्षा साधारण वीस टक्के अधिक. 50 ट्रेंना 140 लिटर, त्यावर सांडलवंडीचे थोडे धरून 150 लिटर मिश्रण. इतके मिश्रण हवे तर 150 भागिले 3.6, म्हणजे सुमारे 42 लिटर गांडूळखत आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण 125 लिटर फुललेले कोकोपीट लागते.

एका ब्लॉकचे 65 लिटर धरले तर दोन ब्लॉक पुरतात, पण अगदी काठावर. पहिल्या वर्षी दोनच ब्लॉक फसले, कारण तेव्हा खत मिसळलेले नव्हते आणि भरताना मी प्रत्येक कप्पा अंगठ्याने ठासत होतो. म्हणून आता मी तिसरा ब्लॉक घेतोच, आणि तो गरज पडेपर्यंत फोडत नाही. कोरडा ब्लॉक सावलीत, ओल न लागता पुढच्या हंगामापर्यंत राहतो. भिजवून मिश्रण केलेला माल मात्र ठेवू नये. त्यावर बुरशी आणि चिलटे धरतात.

गांडूळखत किलोने मिळते, म्हणून दहा लिटरची बादली भरून एकदा वजन करावी. माझ्याकडे ती सहा किलो भरते, म्हणजे 42 लिटरला 25 किलो. ओले खत घेतले तर वजनात पाण्याचे पैसे जातात. तयार ओल्या मिश्रणाच्या गोण्यांबाबतही हेच खरे आहे. त्या किलोवर विकल्या जात असतील तर गोणीत किती लिटर माल आहे हे विचारावे, आणि सांगता येत नसेल तर घेऊ नये.

खरेदी करताना धुतलेले, कमी क्षाराचे कोकोपीट मागावे. ते दहा-वीस रुपयांनी महाग असले तरी चालेल. न धुतलेले घरी धुवायचे म्हणजे भिजवण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी, आणि मे महिन्यात ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा सौदा स्वस्त नाही. त्यातही बोअरचे पाणी खारे असेल तर धुऊनही क्षार पुरेसे निघत नाहीत.

शेवगा किंवा पपईची रोपे पिशवीत करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पाच बाय सात इंचाची पिशवी म्हणजे 5 गुणिले 5 गुणिले 7 असा डबा नव्हे. पाच इंच ही चपट्या पिशवीची रुंदी आहे. भरल्यावर ती गोल होते आणि तिचा घेर दहा इंच, म्हणजे व्यास जेमतेम सव्वातीन इंच उरतो. वरची कड आणि तळाची घडी सोडून तिच्यात सुमारे 700 मिलिलिटर माती मावते. डब्याच्या हिशेबाने मात्र ती 2.9 लिटर दिसते. शंभर पिशव्यांना 70 लिटर आणि बसण्याचे वीस टक्के, म्हणजे 84 लिटर. माझे घमेले 12 लिटरचे आहे, म्हणून सात घमेली. डब्याचा हिशेब करून मी एकदा पोयटा, वाळू आणि शेणखताची चोवीस घमेली कालवली होती. पिशव्या भरून झाल्यावर उरलेला ढीग गोठ्याच्या भिंतीला लागून पडून राहिला आणि पावसाळाभर त्यावर घोळ उगवत होती.