जुना रोलचा कॅमेरा घेताय? मग या चुका टाळा

बेळगावात कुणी जुना रोलचा कॅमेरा घेतला की प्रश्न ठरलेला: "कशाला गा पैसे घालवलास? मोबाईल हाय की." उत्तरंही ठरलेली. लग्नाच्या ऑर्डरी मिळतील, पुढं भाव येईल, पोरांना शिकायला होईल. माझ्या मते बऱ्याच चुका या सबबींपासूनच सुरू होतात. ऑर्डरीचं कारण सांगणारा गरजेपेक्षा मोठा, नावाजलेला कॅमेरा शोधतो. भाव येईल म्हणणारा तो कपाटात ठेवून देतो. रोल दोघंही घालत नाहीत.

घरखर्च आणि पोरांची फी भागवून उरलेल्या स्वतःच्या पैशातून कॅमेरा घ्यायचा असेल, तर आवडला म्हणून घेतला एवढं कारण पुरे. लग्नसराईत तोळाभर सोनं घेतलं तर गल्लीत कुणी का म्हणून विचारत नाही. खानापूरच्या एखाद्या मुलीनं पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला की मात्र सगळ्यांना हिशेब हवा असतो. तिनं तो देऊ नये. फक्त हप्त्यावर घेऊ नका. जुन्या यंत्राला दुरुस्तीचा खर्च कधी ना कधी येतोच, शिवाय रोल विकत घेणं, धुवून घेणं, स्कॅन करणं हे चालूच राहतं.

फोटो बघून कॅमेरा घेणं

ऑनलाइन फोटोत सगळे कॅमेरे देखणे दिसतात. निपाणी, चिकोडीकडच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून किंवा ओळखीच्या घरातून कॅमेरा मिळत असेल तर स्वतः जा आणि दिवसाउजेडी खिडकीजवळ बसून बघा. मागचं झाकण उघडा, शटर 'बी'वर (बटण धरलं तोवर ते उघडं राहतं) ठेवा, लेन्सचं तोंड पूर्ण उघडा आणि बटण दाबून धरून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडा. धूळ दिसली तर घाबरू नका, थोड्या धुळीनं फोटोत काही बिघडत नाही. कडेकडून आत सरकणारे, मुळांसारखे बारीक पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर किंमत पाडून घेता येते. मधोमध पसरलेली असेल तर लेन्स सोडून द्या.

मग एक सेकंदाचा वेग लावा आणि कान देऊन ऐका. आतलं वंगण सुकलेलं असलं की शटर मध्येच अडखळतं किंवा दोन-तीन सेकंद उघडंच राहतं. १/१२५ सेकंदाचा वेग नीट वाजतो म्हणून कॅमेरा चांगला, असं धरून चालू नका. दुखणं आधी संथ वेगांवर दिसतं. कापडी पडद्याचं शटर असेल तर पडद्याला बोट लावू नका. त्यातून टॉर्च पलीकडं ठिपक्यांसारखा दिसला तर पडद्याला भोकं पडलीत.

शेवटी झाकणाच्या खाचेतला फोम. १९७०-८०च्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत तो आता डांबरासारखा चिकट होऊन बोटाला काळा लागतो. तिथून उजेड आत शिरला की फोटोवर केशरी पट्टे येतात. फोम बदलणं स्वस्त आणि सोपं काम आहे, तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नका.

सेलचा विचार न करणं

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेले होते आणि ते सेल आता बनत नाहीत. १९७० साली आलेल्या याशिका मॅट-१२४जी मध्ये असाच सेल लागतो. त्याच मापाचा साधा अल्कलाइन सेल बसतो खरा, पण तो १.५ व्होल्टचा. वापरात त्याचा दाब उतरत जातो आणि मीटर भलतंच सांगायला लागतं. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो आणि दाब स्थिर ठेवतो. तो थोडा लहान असतो, म्हणून कडेची मोकळी जागा भरायला एक बारीक रबरी कडं लागतं. त्यावरचं स्टिकर काढल्यावर हवा लागून तो काही आठवड्यांत संपतो, म्हणून वापरायच्या दिवशीच स्टिकर काढा.

कॅमेरा सेलवाचून किती चालतो, हे विकत घेण्याआधीच माहीत करून घ्या. पेंटॅक्स के१०००चं शटर सेल नसतानाही सगळ्या वेगांवर चालतं, सेल फक्त मीटरसाठी. त्याला मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावा. झाकण नसेल तर सेल आपोआप उतरतो आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. कॅनन एई-१ सेल नसला की हलतच नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ सेलविना एकाच वेगावर, १/५००वर, चालतो. रशियन झेनिट-ईच्या मीटरला सेल लागतच नाही, पण त्याची उजेडावर वीज तयार करणारी सेलेनियमची पट्टी म्हातारी झाली की मीटरवर विसंबता येत नाही. तेव्हा उन्हाचा सरळ नियम वापरा: लेन्सचं तोंड एफ/१६ला (म्हणजे बरंच बारीक) आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे रोलवर लिहिलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या, जवळचा. राजहंसगडावर लख्ख दुपारी २००ची फिल्म असेल तर एफ/१६ला १/२५०.

पावसाळ्यात चामडी कव्हरात ठेवणं

आपल्याकडं कॅमेऱ्याचा खरा वैरी जूनमध्ये येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात महिनोनमहिने भिंती ओल्या असतात. हौशीनं जपलेलं मूळ चामडी कव्हर ओल धरतं आणि बुरशीला घर मिळतं. कव्हर वेगळं ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा. ४० ते ५० टक्के बरी. जेलचा रंग बदलला की तापवून कोरडं करा. बुरशी लागलेली लेन्स त्याच डब्यात ठेवू नका. आणि पावसाळाभर कॅमेरा डब्यात कोंडूनही ठेवू नका. उघडीप मिळाली की बाहेर काढा, रिंगा फिरवा, शटर मारा. वापरातल्या कॅमेऱ्याला वंगण सुकणं आणि बुरशी दोन्हींचा त्रास कमी होतो. फ्रिजमधली फिल्म बाहेर काढल्याबरोबर उघडू नका, दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

रोल घालताना आणि धुवायला देताना

फिल्मचं टोक नीट अडकलं की नाही हे कळायला एक खूण पुरते: फिल्म पुढं सरकवायची लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ उलटी फिरली पाहिजे. ती स्थिर असेल तर फिल्म पुढं सरकत नाही आणि छत्तीस फोटो काढूनही रोल कोराच राहील. रोल संपल्यावर लिव्हर जड झाली की जोर करू नका. फिल्म सोडवायचं बटण (बहुतेक कॅमेऱ्यांत ते तळाला असतं) दाबा, मगच गुंडाळा. ताकदीनं फिल्मची भोकं फाटतात.

शिवजयंतीच्या चित्ररथांचे रात्रीचे फोटो काढताना जुन्या फ्लॅशशी शटरचा वेग जुळवा. के१०००वर १/६० किंवा त्याहून कमी, झेनिट-ईवर १/३०. त्यापेक्षा वेग वाढवला की अर्धा फोटो काळा येतो आणि बिचाऱ्या फ्लॅशला शिव्या बसतात. फ्लॅश नको असेल तर काळी-पांढरी ४००ची फिल्म १६००वर वापरा आणि धुवायला देताना तसं पाकिटावर लिहा.

स्वस्तात मिळणाऱ्या काही फिल्म सिनेमाच्या रिळातून कापून भरलेल्या असतात. अनेकांच्या पाठीवर काळा कार्बनचा थर असतो आणि त्यांना ईसीएन-२ या सिनेमाच्या फिल्मच्या पद्धतीनं धुवावं लागतं. न सांगता असा रोल रंगीत रोल धुण्याच्या नेहमीच्या सी-४१ यंत्रात दिला तर तो काळा थर रसायनात मिसळतो आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात. विकणाऱ्याला आधी विचारा, लॅबला स्पष्ट सांगा. जुन्या स्टुडिओच्या कपाटात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल सापडला तर घ्या जरूर, पण घरातल्या बारशाचे फोटो त्यावर काढू नका. मुदत संपलेल्या फिल्मला दर दहा वर्षांमागं साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यावा लागतो, आणि तरीही खात्री नसते.

सांबऱ्याहून किंवा कुठूनही विमानानं जाताना रोल मोठ्या बॅगेत टाकू नका. चेक-इन सामानाच्या स्कॅनरनं फिल्म धुरकटते, हातातल्या सामानाच्या नव्या सीटी स्कॅनरनंही. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवा आणि रांगेत पुढं जाऊन हातानं तपासा म्हणून नम्रपणे सांगा. कॅमेऱ्यात अर्धा रोल असेल तर प्रवासाआधी संपवून बाहेर काढा, म्हणजे झाकण उघडून दाखवायची वेळ येणार नाही.