सिंगापूरहून बसने जोहोर बाहरू, तिथून फेरीने बाताम आणि परत: तीन देशांची चक्कर कशी मारायची

सिंगापूरला जाऊन येणारे आपल्याकडे खूप आहेत, पण तिथून बसने मलेशियातलं जोहोर बाहरू, मग फेरीने म्हणजे प्रवासी बोटीने इंडोनेशियातलं बाताम बेट आणि पुन्हा फेरीने सिंगापूर अशी चक्कर दोन-तीन दिवसांत आरामात होते हे फार कमी जण करून बघतात. आम्ही केली, मी, बायको आणि माझी आई, वय ६८. विमान कुठेच नाही. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा, विमानात कसं सगळे तुम्हाला हाताला धरून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेतात तसं इथे कुणी नेत नाही, बस तुम्हाला बॉर्डरपर्यंत सोडते, पुढे बॉर्डर तुमची तुम्ही ओलांडायची. बस चुकली तर पुढची मिळते, शिक्का चुकला तर मात्र जाम गोंधळ होतो.

सगळ्यात आधी व्हिसा, कारण इथेच लोक फसतात. सिंगापूरचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर ही ट्रिप विसरा. जोहोर बाहरूला दोन तासांसाठी जरी गेलात तरी तुम्ही सिंगापूर सोडलं असं धरतात, तो व्हिसा तिथेच संपला, मग परतीचं विमान सिंगापूरहून आणि तुम्ही पलीकडे अडकलेले. भारतीयांना बरेचदा मल्टिपल एन्ट्रीच मिळतो पण एजंट सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका, ई-व्हिसाच्या कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा वाचा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसा माफ केलाय, ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे, त्यानंतर जाणार असाल तर नवीन काय ते बघून जा. इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल लागतो, ३० दिवसांचा, फी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, रुपियात शून्यच तेवढी असतात. हा ऑनलाइन आधी काढता येतो आणि काढाच, बंदरावर उतरल्यावर एक रांग कमी होते. पासपोर्ट तिन्हीकडे निदान सहा महिने शिल्लक हवा.

मग फॉर्म. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ज्याला सगळे एमडॅक म्हणतात, आणि इंडोनेशियाचा ऑल इंडोनेशिया नावाचा फॉर्म. तिन्ही ऑनलाइन, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे, आणि तिन्ही फुकट आहेत. हे मुद्दाम सांगतो कारण सर्च केलं की वरच सरकारी वाटणाऱ्या साइट दिसतात ज्या पैसे मागतात, पैसे मागितले की समजा चुकीच्या साइटवर आलोय, बंद करा. आणि सिंगापूरचं कार्ड परत येताना नव्याने भरावं लागतं, पहिल्यांदा विमानतळावर उतरताना भरलेलं चालत नाही. आम्ही बाताममध्ये हॉटेलच्या वायफायवर बसून भरलं, आईचं मी भरलं, एका फॉर्ममध्ये सगळ्या कुटुंबाची नावं घालता येतात.

आता बस. सिंगापूर आणि जोहोर बाहरूच्या मध्ये जेमतेम एक किलोमीटर लांबीचा कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव टाकून केलेला रस्ता आहे, १९२४ चा, आणि रोज लाखो लोक त्यावरून ये-जा करतात, बरेचसे जोहोरमध्ये राहून सिंगापूरला नोकरी करणारे. त्यामुळे दिशा बघून वेळ निवडा. वर्किंग डेला सकाळी गर्दी सिंगापूरकडे येणारी असते, तेव्हा तुम्ही उलटं जायचं. संध्याकाळी बरोब्बर त्याच्या उलट. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सकाळ तर टाळाच, सिंगापूरचे लोक खरेदीला आणि खायला पलीकडे जातात. चायनीज न्यू इयर, हरी राया (म्हणजे ईद) असल्या सुट्ट्यांना तर बोलायलाच नको. आम्ही मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास निघालो आणि तासाभरात पलीकडे होतो, त्याच रस्त्यावर वीकेंडला तीन-तीन तास काढलेले लोक मला भेटलेत.

सिंगापूरच्या क्वीन स्ट्रीटहून १७० नंबरची बस आणि कॉजवे लिंक कंपनीची पिवळी बस मिळते, क्रांजी एमआरटी म्हणजे मेट्रो स्टेशनवरून १७०एक्स. क्रांजीपर्यंत मेट्रोने गेलात तर शहरातला ट्रॅफिक टळतो, मी तेच सांगेन. बस आधी वुडलँड्स चेकपॉइंटला, म्हणजे सिंगापूरच्या बाजूच्या बॉर्डरच्या चौकीला थांबते. इथे सगळ्यांनी उतरायचं, आणि सगळं सामान घेऊन उतरायचं. पुन्हा सांगतो, सगळं सामान, सीटवर जॅकेटसुद्धा ठेवू नका, कारण ही बस तुमच्यासाठी थांबणार नाहीये, ती रिकामी पुढे निघून जाते. सरकत्या जिन्याने वर जायचं, सिंगापूरचं इमिग्रेशन, मग जिन्याने खाली, तिथे प्रत्येक बसच्या नंबरची वेगळी रांग असते, आपल्या नंबरच्या रांगेत उभं राहायचं आणि जी पुढची येईल तिच्यात चढायचं. तिकीट कागदी असेल तर टाकू नका, त्याच तिकिटावर त्याच कंपनीच्या पुढच्या बसमध्ये बसता येतं. कार्डने टॅप केलं असेल तर शेवटपर्यंत तेच कार्ड वापरा. बाकीचे लोक धावतात, जिन्यावरून अक्षरशः पळतात, त्यांचं रोजचं आहे, त्यांच्या मागे आपण पळायचं कारण नाही, पाच-दहा मिनिटांत दुसरी बस येते. सोबत वयस्कर माणूस असेल तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई बिचारी घाबरली होती की बस सोडून जाईल.

पाच-सात मिनिटांत कॉजवे संपतो आणि जोहोरच्या चेकपॉइंटची मोठी इमारत येते, पुन्हा उतरायचं, पुन्हा सामान. इथे पाट्या मलयमध्ये. वार्गा आसिंग म्हणजे परदेशी नागरिक, ती आपली रांग. मासुक म्हणजे आत, केलुआर म्हणजे बाहेर, कास्ताम म्हणजे कस्टम्स. गर्दीच्या लोंढ्याबरोबर मलेशियन लोकांच्या गेटकडे वाहत जाऊ नका, काउंटरवर जा, एमडॅकचं कन्फर्मेशन आणि पुढच्या फेरीचं तिकीट फोनमध्ये उघडून ठेवा.

काउंटरवर दोन्ही हातांची तर्जनी मशीनवर ठेवायला सांगतात. आईचे ठसे लागेचनात. एकदा, दोनदा, पाच वेळा. आयुष्यभर भांडी, कपडे, भाकऱ्या, बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीनला काही दिसेना आणि मागे रांग वाढत चाललेली. तिचा चेहरा असा झाला की जणू तिनेच काहीतरी चूक केलीय. ऑफिसरबाईंनी काही न बोलता ड्रॉवरमधून ओला टिश्यू काढला, आईचं बोट स्वतःच्या हाताने पुसलं, काचेवर धरून हलकेच दाबलं, आणि हिरवा दिवा लागला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, आई-वडील सोबत असतील तर पर्समध्ये छोटी क्रीमची ट्यूब आणि टिश्यू ठेवा, रांगेत असतानाच बोटांना थोडं चोळून पुसून घ्या. आणि त्यांना पुढे ठेवा, तुम्ही मागे. आपण आधी पलीकडे गेलो की परत मागे येऊ देत नाहीत.

काउंटर सोडायच्या आधी पासपोर्ट उघडून शिक्का आणि तारीख बघा. हे मलेशियात आत येताना, बाहेर पडताना, इंडोनेशियात आत, बाहेर, दरवेळी करायचं, दहा सेकंद लागतात. एखादा शिक्का राहिला तर पुढच्या काउंटरवर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, बसवाला येणार नाही सांगायला.

जोहोर बाहरूमध्ये एक रात्र राहा, घाईघाईत तीन बॉर्डर एका दिवशी करू नका. फेरी स्टुलांग लाउतच्या धक्क्यावरून सुटते, चेकपॉइंटपासून टॅक्सीने जवळच आहे. आदल्या दिवशी वेळ पुन्हा कन्फर्म करा, आणि सुटायच्या निदान सव्वा तास आधी पोचा कारण तिकीट म्हणजे बोर्डिंग पास नव्हे, काउंटरवर पासपोर्ट दाखवून बोर्डिंग पास घ्यायचा, टर्मिनलची फी बरेचदा वेगळी भरायची, ती रोख रिंगिटमध्ये (मलेशियाचं चलन) तयार ठेवा, मग इमिग्रेशन. बातामच्या बाताम सेंटर बंदराला पोचायला साधारण दीड ते दोन तास. बोट लागत असेल तर गोळी चढायच्या अर्धा तास आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि बसायला खालच्या डेकवर मधोमध किंवा मागे जागा धरा, पुढे टोकाला आदळआपट जास्त होते. सामुद्रधुनीत जिकडे बघाल तिकडे नांगर टाकून उभी असलेली प्रचंड जहाजं दिसतात, आई दीड तास खिडकीला नाक लावून बसली होती.

आता घड्याळ. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एक, पण बाताम एक तास मागे. जाताना काही वाटत नाही, उलट एक तास फुकट मिळतो, खरा घोळ परत येताना. बातामचा उत्तरेकडचा किनारा सिंगापूरच्या इतका जवळ आहे की फोन मधेच सिंगापूरचा टॉवर पकडतो आणि वेळ आपोआप एक तास पुढे जाते, पुन्हा थोडं आत गेलं की मागे. आमच्या दोघांच्या फोनवर एकाच टेबलावर दोन वेगळ्या वेळा होत्या! म्हणून ऑटोमॅटिक टाइम बंद करा, किंवा साधं मनगटी घड्याळ बाताम टाइमला लावा. फेरीच्या तिकिटावरची वेळ जिथून सुटते तिथली असते.

परतीला सिंगापूरची फेरी तासाभरात पोचते, पण टर्मिनल दोन आहेत, हार्बरफ्रंट आणि तानाह मेराह, एकमेकांपासून लांब, बुक करताना तुमच्या हॉटेलच्या दृष्टीने बघून घ्या. रविवारी संध्याकाळच्या फेऱ्या भरून जातात, परतीचं तिकीट ओपन, म्हणजे वेळ न ठरवलेलं असेल तर बातामला उतरल्या उतरल्याच काउंटरवर जाऊन वेळ पक्की करून टाका. इंडोनेशियात निघण्याच्या पाटीवर केबरांकातान लिहिलेलं असतं, येण्याच्या पाटीवर केदातांगान.

सिंगापूरचे कस्टम्स कडक आहेत. च्युइंगम, व्हेप, गुटखा, जर्दा, खैनी यातलं काहीही बॅगेत नको, सिगारेटवर ड्यूटी फ्री सूट अजिबात नाही, एक पाकीटसुद्धा डिक्लेअर करावं लागतं. कुणी मसाल्यात किंवा अनारशांसाठी खसखस सोबत नेत असेल तर तीही घरीच ठेवा. रोजची औषधं असतील तर डॉक्टरची चिठ्ठी त्याच पाऊचमध्ये.

सिंगापूरला पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, ई-पास ईमेलवर येतो आणि किती तारखेपर्यंत राहायची परवानगी आहे ते त्यात लिहिलेलं असतं. पहिल्या वेळेची तारीख धरून चालू नका, परत आल्यावर नवीन तारीख मिळते आणि ती आधीच्यापेक्षा कमी दिवसांचीही असू शकते, म्हणून टर्मिनलच्या बाहेर पडायच्या आधी तो मेल उघडा आणि तुमच्या परतीच्या विमानाची तारीख त्यात बसते का ते तिथेच उभं राहून बघा.